छानरावांची जीभ

कारखान्यात त्यांना सगळे छानराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. छानराव माल रवाना करण्याच्या खात्यात कारकून होते. कॅन्टीनचा चहा पहिल्या घोटाला कोमट आणि दुसऱ्या घोटाला गार असे. छानराव म्हणत, "छान आहे, तोंड भाजत नाही." मोठ्या साहेबांनी केस रंगवले आणि रंग कपाळावर उतरला, तेव्हा अख्खा कारखाना खाली मान घालून हसत होता. छानराव मान वर करून म्हणाले, "छान! चेहरा उठून दिसतो." साहेबांना ते मनापासून पटलं. साहेबांना चांगलं ते लगेच पटत असे.

कारखान्यात बिस्किटं, शेवया आणि दुधात भिजवून खायचे पौष्टिक पदार्थ तयार होत. पौष्टिक हा शब्द वेष्टनावर फार मोठ्या अक्षरात छापलेला असे आणि चव हा शब्द कुठेच नसे. निदान त्या बाबतीत तरी कारखाना प्रामाणिक होता.

मग तिथे चवबाई आल्या. त्या अन्नशास्त्र शिकून आल्या होत्या. पदार्थाची प्रत आणि चव रीतसर मोजायची, हे त्यांचं काम. जुन्या गोदामाच्या कोपऱ्यात त्यांनी एक खोली मागून घेतली आणि प्लायवूडच्या फळ्या ठोकून तिचे सहा कप्पे केले. प्रत्येक कप्प्यात एक स्टूल, एक छोटं बेसिन, कोमट पाण्याचा पेला आणि समोर ताटली आत सरकवण्यापुरती खिडकी. वर लाल दिवा, म्हणजे रंग पाहून कोणी फसायला नको. मध्ये फळ्या अशासाठी, की शेजाऱ्याचं तोंड पाहून मत द्यायची सोय राहू नये. आपल्याकडे मत द्यायची दुसरी पद्धतच कोणाला ठाऊक नसल्यामुळे सुरुवातीला माणसं त्या कप्प्यांत फार एकटी पडली.

चव घ्यायला कारखान्यातलीच माणसं निवडायची होती. यंत्रं दुरुस्त करणारा फिटर आला, कारण त्याला प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायची जुनी सवय होती आणि त्याचं आता चीज होणार होतं. टेलिफोनवर बसणारी आली, रंगारी आला, अजून दोघं आले. सहावे छानराव. त्यांना कोणी निवडलं नव्हतं. चवबाईंनी विचारलं, "तुम्हाला जमेल का?" ते म्हणाले, "छान कल्पना आहे," आणि झालं.

काम सोपं होतं. नऊ गुणांची पट्टी. नऊ म्हणजे अतिशय आवडलं, पाच म्हणजे धड आवडलंही नाही आणि धड नावडलंही नाही, एक म्हणजे अजिबात आवडलं नाही. रंग, वास, कुरकुरीतपणा, चव आणि गिळल्यानंतर तोंडात मागे राहते ती चव, प्रत्येकाला वेगळे गुण. दोन नमुन्यांच्या मध्ये तोंड खळखळून धुवायचं. छानराव तोंड फार मन लावून धुवत आणि मग सगळीकडे आठ लिहीत. नऊ दिले तर खुशामत वाटेल आणि सात दिले तर कोणाचं तरी मन दुखेल. आठात माणुसकी होती.

त्याच सुमारास मोठ्या साहेबांना एक स्वप्न पडलं. स्वप्नाचं नाव 'ताकद'. शाळांना आणि दवाखान्यांना पुरवायचं बिस्किट. गव्हाच्या पिठात सोयाबीनचं पीठ, भरपूर कोंडा आणि वरून लोह. कागदावर ते बिस्किट म्हणजे पहिलवान होतं. एवढी प्रथिनं, एवढं लोह, दोन खाल्ली की अशक्त माणसाने उठून पलंग उचलावा. पण बिस्किट कागदावरून तोंडात जातं तेव्हा भानगड होते. 'ताकद' दाताखाली आलं की आधी कच्च्या शेंगांचा उग्र वास नाकात चढे. मग कोंडा टाळूला चिकटे. आणि गिळून झाल्यावर, आता सुटलो असं वाटत असताना, जिभेच्या मागून गंजलेल्या खिळ्याची चव हळूच वर येऊन बसे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठत नसे. कडकपणा मोजायच्या यंत्रात बिस्किट मोडायला एक पातं खाली येई. 'ताकद'वर ते आलं तेव्हा बिस्किटाआधी यंत्रच कुरकुरलं, असं फिटर शपथेवर सांगे.

फिटरने चवीला दोन दिले. टेलिफोनवालीने तीन. रंगाऱ्याने गुणांच्या जागी "पाणी" एवढंच लिहिलं. छानरावांनी आठ.

चवबाई सगळे गुण घेऊन साहेबांकडे गेल्या. "सोयाबीन भाजून घ्यायला हवं, म्हणजे तो वास जाईल," त्या म्हणाल्या. "आणि लोह असं उघडं घालायचं नाही. त्याच्या कणांवर पातळ लेप असलेलं मिळतं, ते घ्यायला हवं. थोडं महाग पडेल, पण बिस्किट खाता येईल."

साहेबांनी कागदावरून नजर फिरवली आणि ती आठावर येऊन सुखावली. "हे कोण?"

"रवाना खात्यातले."

"अशी माणसं हवीत. बाकीच्यांची जीभ बिघडलेली दिसते. बदला त्यांना."

म्हणजे बिस्किट बदलायचं नाही, जिभा बदलायच्या. उपाय स्वस्त होता. छानराव आणि फिटर वगळता सगळे बदलले. फिटर राहिला, कारण यंत्र फक्त त्यालाच दुरुस्त करता येई आणि त्याने तसं साहेबांना गोड शब्दांत बजावलं होतं. नवी मंडळी बातमी ऐकूनच आली होती. त्यांनी सहा, सात अशी सभ्य उत्तरं दिली.

चवबाई मात्र हाडाच्या शास्त्रज्ञ. त्यांना त्या आठाचा संशय आला. एक दिवस त्यांनी छानरावांपुढे सारखंच बिस्किट दोन वेगळ्या आकड्यांखाली ठेवलं आणि तिसरं बिस्किट मुद्दाम खवट तेलात केलेलं ठेवलं. तिन्हींना आठ. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचे पेले मांडले. कशात चिमटीहूनही कमी मीठ, कशात साखरेचा नुसता भास, कशात आंबट, कशात कडू, कशात लोहाचा पुसट स्पर्श. "इथे आवडलं-नावडलं काही नाही," त्या म्हणाल्या. "फक्त काय आहे ते ओळखायचं."

मन दुखवायला समोर कोणी नव्हतं. पाणीच ते. छानरावांनी एकेक घोट घेतला आणि सगळे पेले बिनचूक ओळखले. जिथे फिटर "साधं पाणी" म्हणाला होता, तिथे छानराव म्हणाले, "यात मीठ आहे. अगदी लांबून."

चवबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, एवढी तीक्ष्ण जीभ अख्ख्या कारखान्यात नाही! मग त्या खवट बिस्किटाला आठ कसे दिलेत?"

"कोणीतरी मेहनतीने केलेलं असतं, बाई."

"खवट मी केलं होतं. मुद्दाम."

"तेच म्हणतो. किती मेहनत."

चवबाईंनी डोक्याला हात लावला. असा नमुना त्यांच्या पुस्तकात नव्हता.

'ताकद' बाजारात उतरवायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी कामगारांच्या कुटुंबांचा मेळावा भरवला. मैदानात मांडव, खुर्च्या, कडेने फुलझाडांच्या कुंड्या आणि प्रत्येक खुर्चीवर बिस्किटाचा एक पुडा. साहेबांनी भाषण केलं. देशाची पुढची पिढी, तिचं रक्त, त्या रक्तातलं लोह आणि त्या लोहामागे उभे असलेले साहेब, असा भाषणाचा ओघ होता. तेवढ्या वेळात पुढच्या पिढीने पुडे फोडले, एकेक घास घेतला आणि ती गुपचूप कुंड्यांकडे गेली. भाषण संपलं तेव्हा कुंड्यांत देशाचं लोह ओसंडत होतं.

साहेबांनी छानरावांना मंचावर बोलावलं. "ही आपल्या कंपनीची जीभ!" टाळ्या झाल्या. माइक छानरावांच्या तोंडासमोर आला. ते म्हणाले, "बिस्किट छान आहे." पुन्हा टाळ्या झाल्या. त्यातल्या निम्म्या कुंड्यांच्या बाजूने आल्या, हात झटकल्यासारख्या.

छानरावांची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने नुकताच बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला होता. तो पुढे सरकत नव्हता आणि मागेही येत नव्हता. शेजारच्या खुर्चीवर चवबाई होत्या. त्यांनी तिला पाण्याचा पेला दिला आणि ओळख करून घेतली.

"तुम्ही त्यांच्या घरच्या का? मग तुमची रोजच परीक्षा होत असेल," चवबाई हसत म्हणाल्या. "एवढी तीक्ष्ण जीभ मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. पाण्यातलं केसाएवढं मीठ ओळखतात."

"कोण?"

"तुमचे यजमान."

बायकोने पेला खाली ठेवला. "काहीतरी चुकतंय तुमचं," ती म्हणाली. "त्यांना चव कळत नाही. जन्मतःच."

"असं कोण म्हणालं?"

बायकोची नजर मंचाकडे वळली. मंचावर साहेब छानरावांच्या गळ्यात हार घालत होते. ती त्या हाराकडे अशी बघत होती, की जवळ असती तर तिने तो ओढून जरा घट्ट केला असता.

घरी जाताना ती बसमध्ये एक शब्द बोलली नाही. छानरावांना वाटलं, नवऱ्याचा सत्कार पाहून ऊर भरून आला असेल. हार त्यांनी मांडीवर नीट घडी करून ठेवला होता. घरात शिरल्यावर तिने दार लावलं, स्वयंपाकघरात गेली, दोन वाट्यांत पाणी घेतलं, एकीत काहीतरी टाकून ढवळलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या.

"प्या. कशात काय आहे?"

"अगं, आता कशाला..."

"प्या म्हणते ना!"

त्यांनी दोन्हींतून घोट घेतले. "डावीकडे थोडी साखर आहे. उजवीकडे नुसतं पाणी."

बायको मटकन खुर्चीवर बसली. "म्हणजे कळतं तुम्हाला."

"कळतं म्हणजे... सगळ्यांनाच कळतं."

"लग्न झालं त्या महिन्यात माझ्या हातून रश्शात मीठ घालायचं राहिलं होतं. तुम्ही छान म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतलंत. मला वाटलं, नवीन नवरा आहे, लाजतो. मग मी एकदा मिठाच्या जागी साखर घातली. मुद्दाम! तुम्ही छान म्हणालात. एकदा भात करपवला, डोळ्यांसमोर धूर दिसत होता. छान! मी रडत ताईकडे गेले. ताई म्हणाली, काही माणसं रंगआंधळी असतात, तसा हा चवआंधळा असेल, त्याच्यापुढे विषय काढू नकोस, बिचाऱ्याला वाईट वाटेल."

छानरावांनी दोन्ही वाट्या हळूच बाजूला सरकवल्या.

"तेव्हापासून मी स्वयंपाक करायचाच सोडला. नुसतं शिजवते. उकडायचं आणि वाढायचं. मला किती हौस होती ठाऊक आहे? माहेरी माझ्या हातचं खायला माणसं यायची. पण एकटीसाठी चांगलंचुंगलं करायचं आणि तुमच्यापुढे बसून मिटक्या मारत खायचं, म्हणजे आंधळ्याला आरसा दाखवण्यातला प्रकार. म्हणून मीही तेच खाल्लं. इतकी वर्षं. तुमच्या दुखण्याला सोबत म्हणून!"

सांगायला नको, पण सांगतो. या घरातलं जेवण म्हणजे खरोखरच शिक्षा होती. पांढरी भाजी, पांढरा रस्सा, भाताला भाताचाही वास नाही. पाहुणे एकदा जेवून गेले की पुढच्या वेळी जेवूनच येत. छानराव ते सगळं वर्षानुवर्षं गिळत होते, आणि बायकोला स्वयंपाक येत नाही, बिचारीला कळता कामा नये, म्हणून रोज छान म्हणत होते. दोन माणसं एकमेकांची कीव करत, एकमेकांसमोर बसून, गवत खात होती. याला सुखाचा संसार म्हणतात आणि नातेवाईक त्याचे दाखले देत.

"पण का?" तिने विचारलं. आता तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "एकदा तरी म्हणायचं, मीठ कमी आहे. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

छानरावांनी साखरेची वाटी हातात घेतली.

"आमचे वडील म्हणायचे," ते म्हणाले. "रोज म्हणायचे. मीठ कमी आहे, तिखट जास्त आहे. आणि मग ताट भिंतीवर. पिवळा डाग होता त्या भिंतीवर, कितीदा रंग दिला तरी वर यायचा. आई काही बोलायची नाही. खाली बसून भात गोळा करायची आणि आम्हा मुलांना म्हणायची, तुम्ही जेवा. मग मी म्हणायचो, छान झालंय आई. तेवढं म्हटलं की तिचे हात थरथरायचे थांबायचे." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मला वाटलं, माणसं दोनच प्रकारची. ताट फेकणारी आणि छान म्हणणारी."

बायकोने हे पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. सासरे तिला फोटोतच माहीत होते आणि फोटोत ते फार प्रेमळ दिसत. ती उठली आणि छानरावांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. एवढ्याने राग गेला असं समजू नये. वर्षानुवर्षांचा बिनमिठाचा रस्सा असा एका हाताने पुसला जात नाही. "मधला प्रकारही असतो," ती म्हणाली. "मी उद्या करून दाखवते. आणि तुम्ही बोलायचं. नाही बोललात तर ताट मी फेकेन."

पुढच्या आठवड्यात पुन्हा 'ताकद' चाखायची पाळी आली. बाजारात पाठवण्याआधीची शेवटची. छानराव लाल दिव्याखाली बसले. खिडकीतून ताटली आली. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला, गिळला आणि खिळा वर येईपर्यंत शांतपणे वाट पाहिली. मग पेन्सिल उचलली. त्यांनी चवीला दोन लिहिले. मागे राहणाऱ्या चवीला एक. खाली सूचनेच्या ओळीत लिहिलं, "बिस्किट केलं आहे मेहनतीने, पण खाण्यासाठी केलेलं वाटत नाही."

शेजारच्या कप्प्यातून फिटरने फळीवर टकटक केली. "काय दिलंत हो?"

"दोन."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बहुधा पेला असावा, किंवा फिटर.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "मेळाव्याआधी आठ आणि आता दोन? काय झालं तुमच्या जिभेला?"

"जिभेला काही नाही झालं, साहेब. घरी थोडं झालं."

"अहो, मी तुम्हाला सगळ्यांसमोर हार घातला!"

"हार छान होता," छानराव म्हणाले, आणि ते खरं होतं. झेंडूचा ताजा हार होता. "बिस्किट नाही."

साहेबांचा चेहरा कपाळावरच्या रंगासारखा झाला. ते छानरावांवर ओरडले असते, पण तेवढ्यात दवाखान्यांकडून निरोप आला. नमुन्याची बिस्किटं रुग्णांनी परत केली होती. एका आजोबांनी तर सलाईन लावलेल्या हाताने परत केली होती. एक शाळाही नको म्हणाली. तिच्याही बागेत कुंड्या असाव्यात. मग साहेबांना एक नवी कल्पना सुचली. सोयाबीन भाजून घ्यायचं आणि लोहावर लेप द्यायचा. ही कल्पना त्यांना इतकी अचानक आणि इतकी स्वतःची सुचली, की चवबाईंनी समोर बसून ती दुसऱ्यांदा ऐकली आणि वहीत उतरवूनही घेतली.

नव्या बिस्किटाची परीक्षा बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायची ठरली, कारखान्याच्या पगारावर नसलेल्या. चवबाईंनी पहिलं नाव छानरावांच्या बायकोचं लिहिलं. ती आली, लाल दिव्याखाली बसली आणि सगळी थकबाकी वसूल करावी तशी तिने चव घेतली. पहिल्या खेपेला पाच दिले आणि कोंडा जाड दळलाय म्हणाली. कोंडा बारीक झाला. दुसऱ्या खेपेला सहा. तिसऱ्या खेपेला सात, आणि त्या सातावर चवबाईंनी पेढे वाटावेत तसं तोंड करून सगळीकडे फिरून सांगितलं. साहेब तिला बिचकू लागले. ती कप्प्यात शिरली की ते गोदामाच्या बाजूने जात नसत. छानरावांना पॅनेलवरून काढण्यात आलं. एकाच घरातल्या दोन जिभा नकोत, असं कारण देण्यात आलं. छानराव पुन्हा रवाना खात्यात गेले आणि बायकोची परीक्षा चालू असेल तेव्हा तिची पर्स सांभाळत बाहेर बसू लागले.

'ताकद' आता दवाखान्यांत खपतं. कोणी ते आनंदाने नाचत खातं असं नाही, पण गिळतं आणि मागतंही. पौष्टिक वस्तूच्या बाबतीत एवढं खूप झालं.

घरी मात्र शांतता गेली ती गेलीच. बायको मसाले वाटते, फोडण्या देते, खिडकीतून वास खालच्या मजल्यापर्यंत उतरतात. आणि पहिल्या घासानंतर वाद सुरू होतो. "आंबट जरा जास्त झालंय." "जास्त? तुम्हाला काय कळतंय?" "मला कळतं, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय!" "मग उद्या प्रयोगशाळेतच जेवा!" सुरुवातीला आवाज चढला की छानरावांची नजर आपोआप भिंतीकडे जायची. हल्ली जात नाही.

एके दिवशी दुपारी खालची शेजारीण घाबरून वर आली. इतक्या वर्षांत या घरातून कधी आवाज आला नव्हता, म्हणून तिला वाटलं, संसार मोडतोय. दोघांनी तिला आत ओढलं, खुर्चीवर बसवलं आणि पुढ्यात रश्शाची वाटी ठेवली. "तुम्हीच सांगा," बायको म्हणाली, "आंबट आहे का?" शेजारणीने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, कोणाची बाजू घेणं सोयीचं ते तिला ठरवता येईना. मग तिने चमचा उचलला. भांडण मिटवायला आलेली बाई, भात मागून घेऊन, वाटी पुसून उठली.